राखलेला चेहरा

निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना एका नव्या पालकाने सुवर्णा हिरेमठ यांना शाळेच्या व्हरांड्यात अडवलं आणि विचारलं, "अगं, पहिलीच्या हिरेमठबाई कुठे बसतात?" त्याच्या शेजारी एक चिमुरडी दप्तराचा पट्टा चावत उभी होती.

"मीच," सुवर्णाबाई म्हणाल्या.

तो माणूस ओशाळला. तो स्वतः तिशीचा होता आणि दोघं एकाच बाकावर शिकलेले वाटत होते. पण सोलापुरात आता अशा गोष्टींचं कुणाला फार नवल वाटत नसे. आई कोण आणि लेक कोण हे साडीवरून, चालीवरून, फार तर आवाजावरून ताडायचं, आणि चुकलं तर हसून सोडून द्यायचं, अशी लोकांना सवय झाली होती.

हे सगळं त्या इंजेक्शनामुळे झालं होतं. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं. लोक त्याला नुसतं 'थांबा' म्हणायचे, एसटीचा असतो तसा. वय तिथे येऊन उभं राहायचं.

आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. वर्षं जातात तसे त्या जनुकांवर बारीक रासायनिक ठिपके साठत जातात, आणि चिवट, ताणलेली त्वचा कशी विणायची हे त्वचेच्या पेशी हळूहळू विसरू लागतात. थांबा त्यांतले काही ठिपके पुसून टाकायचा. सगळे पुसण्यात धोका होता, कारण सगळंच विसरलेली पेशी कर्करोगाच्या वाटेला लागते. म्हणून दहा-पंधरा वर्षांपुरतेच ठिपके पुसायचे आणि मग दर वर्षी एक इंजेक्शन घेऊन चेहरा तिथेच रोखून धरायचा. परिणाम त्वचेवर आणि केसांच्या मुळांवर, एवढाच. हृदय, डोळे, सांधे आपापल्या वयाने चालत राहायचे. वर्गात फरशीवर बसून पोरांना अक्षरं गिरवायला शिकवल्यावर उठताना सुवर्णाबाईंना बाकाचा आधार घ्यावा लागे, आणि हे पाहून नव्या शिक्षिका चकित होत.

बहुतेकांनी थांबा हौसेने घेतला. सुवर्णाबाईंचं कारण वेगळं होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा चिन्मय पाच वर्षांचा असताना कुर्डुवाडी जंक्शनवर हरवला होता. मिरजेला लग्नाला जायचं होतं. गाडीला उशीर होता. मल्लिनाथ, म्हणजे सुवर्णाबाईंचे यजमान, पाणी आणायला गेले आणि सुवर्णाबाई सामान मोजत होत्या, तेवढ्यात पोरगं नाहीसं झालं. दोन्ही फलाट, मालधक्का, रुळांपलीकडची बाभळीची झुडपं, सगळं पालथं घातलं. पोलीस आले, वर्तमानपत्रात फोटो आले. चिनू काही सापडला नाही. सुवर्णाबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या.

पुढे पंधरा-सोळा वर्षांनी थांबा निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "मी घेते. तो परत येईल तेव्हा त्याने मला ओळखायला नको का?"

मल्लिनाथांनी स्वतः घेतला नाही. "तू थांब त्याच्यासाठी," ते म्हणाले, "मी होतो पुढे." आणि ते तसेच पुढे होत गेले. केस पांढरे झाले, पाठ वाकली. एका बारशाला कुणीतरी त्यांना विचारलं, "ही तुमची धाकटी लेक का?" तेव्हा त्यांनी "हो" म्हणून टाकलं आणि घरी येईपर्यंत दोघंही हसत राहिले. चार वर्षांपूर्वी ते गेले. आरशात मात्र चिनूने शेवटची पाहिली होती तीच बाई दर सकाळी सुवर्णाबाईंसमोर उभी राहायची.

हरवलेल्या मुलांचा शोध घेणाऱ्या खात्याकडून दर वर्षी चिनूचं एक नवं चित्र यायचं. लहानपणीचा फोटो आणि आईवडिलांचे चेहरे घेऊन संगणक सांगायचा, की आज हा मुलगा असा दिसत असेल. ती चित्रं हेच सुवर्णाबाईंचं मुलाला वाढताना बघणं होतं. दात पडलेला, मिसरूड फुटलेला, कॉलेजात जाण्याच्या वयाचा. सदतिसाव्या वर्षीचा चिनू चित्रात गोरटेला आणि तुकतुकीत होता, अगदी त्या व्हरांड्यातल्या पालकासारखा. त्याच्या शर्टाची कॉलर संगणकाने नेहमी इस्त्रीची दाखवलेली असायची.

निवृत्तीच्या त्या वर्षी चित्र पोस्टाने आलं नाही. ते घेऊन डॉक्टर नफिसा मुजावर स्वतः घरी आली. नफिसा एके काळी सुवर्णाबाईंच्याच वर्गात अक्षरं गिरवत होती. आता ती त्या खात्यात चेहऱ्यांचं काम बघायची.

"बाई, आमचं चुकत आलंय," तिने बसल्या बसल्या सांगितलं. "इतकी वर्षं चुकत आलंय."

"काय चुकलं?"

"आमचा संगणक शिकतो तो फोटोंवरून. लाखो माणसांचे, वर्षानुवर्षांचे फोटो. त्यावरून त्याला दिसलं की प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा तरुण दिसते. खाणं सुधारलं, औषधं आली, मग थांबा आला. माझी आजी चाळिशीत जशी दिसायची तशी माझी आई साठीत दिसायची. म्हणून तो प्रत्येक हरवलेल्या मुलाला थोडा जास्तच तरुण काढत गेला." नफिसाने चष्मा काढून पुसला. "पण ते फोटो कुणाचे होते? सावलीत बसणाऱ्यांचे. गेली दोन वर्षं मी माळरानावरच्या वस्त्यांतून फिरतेय, उघड्यावर राबणाऱ्यांच्या त्वचेचे नमुने घेतेय. उन्हाळे असे तापायला लागल्यापासून त्यांच्या पेशींवर ते ठिपके दुप्पट वेगाने साठतात. थांबा त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही. ती माणसं त्यांच्या आईवडिलांपेक्षा लवकर म्हातारी दिसतात, बाई. एकच पिढी, पण अर्धी मागे चाललीय आणि अर्धी पुढे."

"आणि चिनू?"

"तो शहरात वाढला असता तर आमच्या चित्राने इतक्या वर्षांत कुणीतरी त्याला ओळखलं असतं. म्हणून मी धरून चालले की तो उन्हात आहे. तसं नवं चित्र काढलंय. तुमच्या संमतीशिवाय ते बाहेर जाणार नाही."

तिने चित्र टेबलावर ठेवलं. गालांची हाडं वर आलेली, कपाळावर नांगरल्यासारख्या आठ्या, डोळ्यांभोवती सुरकुत्यांचं जाळं, भुवयाही पांढुरक्या.

सुवर्णाबाईंनी ते हातात घेतलं नाही. "हे माझे वडील आहेत," त्या म्हणाल्या. "माझे वडील गेले तेव्हा असे दिसत होते."

"तुमच्या वडिलांचा तोंडावळा आहेच ना त्यात."

"नफिसा, माझा मुलगा अडतीस वर्षांचा आहे. हा साठीचा माणूस आहे. मी याला शोधत नाहीये."

नफिसाने वाद घातला नाही. चहा घेतला, चित्र तिथेच पालथं ठेवलं आणि निघताना म्हणाली, "मी फोनची वाट बघते, बाई."

आठवडा तसाच गेला. पालथं चित्र सुवर्णाबाईंनी उलटलं नाही, टेबलही आवरलं नाही. मग एका सकाळी त्या मंडईत गेल्या. कोपऱ्यावर बसणाऱ्या बाईकडून मेथी घ्यायची हा त्यांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. ती बाई होटगीकडून यायची, तोंडाचं बोळकं व्हायला आलेलं, हाताच्या शिरा वर आलेल्या. सुवर्णाबाई तिला मावशी म्हणायच्या आणि ती त्यांना पोरी म्हणायची.

"मावशी," जुडी पिशवीत टाकता टाकता त्यांनी विचारलं, "तुमचं वय काय हो?"

"कशापायी?"

"सहज."

"औंदा चौतिसावं लागलं." ती हसली. "का गं पोरी, लई म्हातारी वाटले व्हय?"

माझ्या मुलापेक्षाही लहान, एवढं एकच सुवर्णाबाईंच्या मनात येत राहिलं. त्या पिशवी सांभाळत मंडईबाहेर आल्या, तिथल्याच पायरीवर टेकल्या आणि नफिसाला फोन लावला. "पाठव ते चित्र," त्या म्हणाल्या. "सगळीकडे पाठव."

पावसाळा सरून थंडी पडू लागली तेव्हा आटपाडीच्या बाजूला मेंढरांना लस टोचायला गेलेल्या एका पशुवैद्याने ते चित्र ओळखलं. चित्रातल्यासारखा दिसणारा मेंढपाळ त्याच्यासमोर मेंढरू धरून उभा होता. लोक त्याला बिरू म्हणत. वय विचारलं तर म्हणाला, चाळिशीच्या अलीकडे असंल. नफिसाने त्याच्या लाळेचा नमुना मागवला. तपासणीत शंकेला जागा राहिली नाही.

नफिसानेच फोनवर बिरूकडून सगळं काढून घेतलं होतं, ते तिने आटपाडीला जाताना गाडीत सांगितलं. कुर्डुवाडीला रुळांपलीकडे मेंढपाळांचा तळ पडला होता. कोकरांच्या मागे मागे गेलेलं पोर दुसऱ्या दिवशी त्यांच्या बिऱ्हाडातल्या घोड्याच्या ओझ्याआड सापडलं, तेव्हा तळ हलून बराच लांब गेला होता. पोराला ताप होता, ते बोलत नव्हतं. थकूबाई नावाच्या बाईने त्याला उराशी धरलं. पोलिसांत द्यावं म्हणून ती दोनदा चौकीच्या दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा तशीच माघारी आली. तिला मूल नव्हतं. मरताना तिने त्याला खरं काय ते सांगितलं, पण त्याच्या आईबापाचं नाव-गाव तिलाही ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षापर्यंत तो तिलाच आई समजत होता.

"तिच्यावर राग येतोय, बाई?" नफिसाने विचारलं.

"येईल कदाचित," सुवर्णाबाई म्हणाल्या. "आज नको."

सुवर्णाबाई निळी साडी नेसल्या होत्या. चिनू हरवला त्या दिवशी त्या निळ्याच साडीत होत्या. केस तसेच विंचरले होते, मध्ये भांग पाडून. मांडीवरच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी होती.

उघड्या माळावर, बाभळीच्या विरळ सावलीत मेंढरं बसली होती. गाडीचा आवाज ऐकून एक माणूस उठून लगबगीने आला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. चेहरा चित्रापेक्षाही उन्हाने खाल्लेला. त्याने नफिसाकडे पाहिलं, सुवर्णाबाईंकडे पाहिलं, दोघींना हात जोडले आणि मान वाकडी करून गाडीत डोकावला.

"आयला आणलं न्हाय व्हय?"

"आणलंय," नफिसा म्हणाली.

"मग उतरंना का? गुडघं धरल्यात? ऱ्हाऊ द्या, म्या देतो हात." आणि तो गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, दार उघडून मागची सीट पाहू लागला.

सुवर्णाबाईंनी ही भेट मनात किती प्रकारांनी घडवली होती. कधी तो रडायचा, कधी रागावून पाठ फिरवायचा, कधी नुसता बघत उभा राहायचा. पण तो आपल्याला ओलांडून जाईल आणि रिकाम्या गाडीत आपल्यालाच शोधेल, असं कधी त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"चिनू," त्या म्हणाल्या. "मी इकडे आहे."

तो वळला. अनोळखी तरण्या बाईसमोर माणसं खाली घालतात तशी त्याने नजर खाली घातली. "ताई, थट्टा करू नका. सकाळधरनं वाट बघतुया आमी."

नफिसाने त्याला सगळं समजावून सांगितलं. थांब्याचं नाव त्याने ऐकलं होतं. शहरातली लोकं टोचून घेत्यात म्हणं, एवढंच. पटक्याच्या टोकाशी चाळा करत त्याने सुवर्णाबाईंना विचारलं, "आन का घेतलं तुमी ते?"

"तू परत आलास तर तुला ओळखू यावं म्हणून. तू पाहिलेला चेहरा हाच होता."

आता त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. कपाळ, नाक, ओठ, पुन्हा कपाळ. मेंढराची खूण बघावी तसं मन लावून पाहिलं.

"न्हाय आठवत," तो शेवटी म्हणाला. "खोटं कशाला बोलू. लई बारका व्हतो. मला पयलं आठवतं ते थकूआयचंच त्वांड." आणि त्यांचा चेहरा पाहून घाईने म्हणाला, "वाईट वाटून घिऊ नका."

"नाही वाटत," सुवर्णाबाई म्हणाल्या. ते खरं नव्हतं, पण ते म्हणायची ताकद त्यांच्यात होती.

त्याच्या बायकोने, पूनमने, शेळीच्या दुधाचा चहा केला. चौघं घोंगड्यावर बसून चटणी-भाकरी जेवले. भाकरी मोडताना तो आधी चारही बाजूंनी कड तोडून घेत होता, मल्लिनाथ तोडायचे तशी. सुवर्णाबाईंनी आणखी एक भाकरी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याला त्याच्या वडिलांविषयी सांगावं असं त्यांना वाटलं, पण त्या दिवशी त्यांनी काही सांगितलं नाही.

पुढल्या महिन्यात तो सोलापूरला आला. तीन दिवस राहतो म्हणाला होता. घरात तो दाराजवळ जमिनीवर बसे, कॉटवर बसत नसे. सुवर्णाबाईंना तो कोणत्याच नावाने हाक मारत नसे. "जेवाय वाढता का," "येऊ का," असं मोघम बोलून वेळ मारून नेई. शेजारच्या सूनबाईने दारातून विचारलं, "ताई, तुमच्या बाबांना साखरेचा चहा चालतो ना?" तेव्हा त्याने मान आणखी खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सुवर्णाबाईंनी तेल कोमट केलं. त्याच्या डोक्याचे केस उन्हाने राठ झाले होते, काथ्यासारखे. "ये, तेल लावते," असं म्हणून त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला मात्र, तो चटका बसल्यासारखा उठला.

"नगं नगं."

"अरे, आई आहे मी तुझी."

"ठावं हाय मला." तो भिंतीकडे बघत बोलला. "डोक्याला कळतं. पर डोळ्यांला कळंना, त्यांला काय सांगू? माझी लेक शोभाल अशा दिसताय तुमी. लाज वाटती."

त्याच दुपारी मेंढरांचं निमित्त काढून तो परत गेला.

सुवर्णाबाई नफिसाच्या कार्यालयात गेल्या. यंदाच्या थांब्याची तारीख जवळ आली होती. "मला बंद करायचाय," त्या म्हणाल्या.

नफिसाने सांगितलं ते असं. पुसलेले, रोखून धरलेले ठिपके कायमचे नाहीसे झालेले नसतात. जी वर्षं अडवली ती सगळी बाहेर उभी असतात. इंजेक्शन थांबलं की ती आत येतात, आणि रांगेने येत नाहीत. वर्षभरात चेहरा खऱ्या वयाला पोचतो. पुन्हा सुरू केलं तर त्याचा उपयोग होत नाही. "रोज आरशात वेगळं दिसेल, बाई. माणसं घाबरतात. चांगल्या धीराच्या बायका रडत आल्यात माझ्याकडे."

"हे दुखतं का?"

"नाही."

"मग येऊ दे सगळं. मला घाई आहे."

"त्याच्यासाठी करताय?"

सुवर्णाबाईंनी जरा विचार केला. "आतापर्यंत त्याच्यासाठी केलं," त्या म्हणाल्या. "ते त्याच्या काही कामाला आलं नाही. आता हे माझ्यासाठी. मला त्याची आई दिसायचंय."

आधी कानाजवळचे केस पांढरे झाले. मग एका सकाळी हनुवटीखालची त्वचा सैल लागली. गालांवर रेषा उमटल्या आणि उमटतच राहिल्या. शेजारची सूनबाई म्हणाली, "ताई, तुम्ही आजारी आहात का?" आणि काही महिन्यांनी तिनेच न ठरवता ताईच्या मावशी केल्या. सुवर्णाबाई घाबरल्या नाहीत असं नाही. एकदा आरशात त्यांना आपली आईच दिसली आणि त्यांनी दिवसभर आरशावर टॉवेल टाकून ठेवला. संध्याकाळी स्वतःच काढला.

त्यांनी बिरूला काहीच कळवलं नव्हतं. उन्हाळ्यात तो पूनमला घेऊन आला तेव्हा उंबऱ्यातच थबकला.

"काय झालं? दुखतंय खुपतंय का काय?"

"काही नाही. वय होतंय."

त्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तो आत आला, दाराजवळच्या आपल्या जागी बसला आणि म्हणाला, "कुणी स्वतःहून म्हातारं हुतं व्हय."

"पूर्वी सगळेच व्हायचे," सुवर्णाबाई म्हणाल्या. "ऊठ, जेवून घे."

त्या खेपेला तो चार दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच विचारलं, "माझा बाप कसा हुता?" आणि सुवर्णाबाईंनी सांगायला सुरुवात केली. पूनम भांडी घासायची थांबून ऐकत बसली.

पुढच्या थंडीत त्या आटपाडीला गेल्या. शेळ्यामेंढ्यांचा बाजार भरला होता. धूळ, माणसांचा गलका, कोकरांचं बें बें. बिरू गर्दीत वाट काढत चालला होता आणि सुवर्णाबाई डोक्यावर पदर घेऊन त्याच्या शेजारून. चहाच्या पालाशी एका ओळखीच्या व्यापाऱ्याने त्याला हटकलं.

"काय बिरूबा, औंदा थोरल्या भनीला आणलंय व्हय बाजार दावायला?"

सुवर्णाबाई थांबल्या. थोरल्या, असं तो म्हणाला होता. त्यांनी बिरूकडे पाहिलं. तो हसून "व्हय" म्हणेल आणि पुढे होईल असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तरी त्यांना चाललं असतं. मुलापेक्षा थोरलं दिसायला लागल्याचा त्यांना इतका आनंद झाला होता.

पण बिरूने बाकावरची धूळ पटक्याने झटकली आणि त्यांना बसायला जागा केली.

"भन न्हाय," तो व्यापाऱ्याला म्हणाला. "आय हाय माझी." आणि मग त्यांच्याकडे वळून, रोज म्हणत असल्यासारखं, "आय, च्या घेतीस न्हवं?"